ध्रुवीय शैवाकांतील रसायने : शोधाचा इतिहास

शैवाक म्हणजे कवक (बुरशीसारखा हरितद्रव्यहीन जीव) आणि शैवल किंवा नीलहरित शैवल यांच्या सहजीवनातून बनलेला संयुक्त जीव होय. महाराष्ट्रात मसाल्यात घालण्यात येणारे दगडफूल हे शैवाकच आहे. शैवाकाच्या कायकात (मूळ, खोड, पान असे अवयव नसलेल्या शरीरात) काही खास कार्बनी संयुगे तयार होतात. ती कवकतंतूंच्या भित्तींवर बाहेरच्या बाजूस सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात साचतात. त्यांना ‘शैवाक-द्रव्ये’ म्हणतात व त्यांपैकी पुष्कळशी अम्लधर्मी असल्याने ‘शैवाक-अम्ले’ असेही म्हणतात. आतापर्यंत अशी सुमारे एक हजार संयुगे ज्ञात झाली असून त्यांपैकी बहुतेक इतर कोणत्याही जीवांत आढळत नाहीत.

ध्रुवीय प्रदेशांत या द्रव्यांना विशेष महत्त्व आहे. अंटार्क्टिकाच्या भूमीवर सपुष्प वनस्पतींच्या केवळ दोनच देशी जाती आहेत. शैवाकांच्या मात्र सुमारे चारशे जाती तेथे आढळतात. उत्तर ध्रुवीय टंड्रा प्रदेशात शेकडो किमी. पर्यंत जमीन शैवाकांनी आच्छादिलेली असते व रेनडियरांचे हिवाळ्यातील जीवन मुख्यत्वे त्यांवरच अवलंबून असते. या प्रदेशांतील लोकांना शैवाकांतील द्रव्यांची ओळख प्रथम झाली ती कडू चव, विष व रंग या रूपांत. रसायनशास्त्र त्यानंतर आले आणि ही द्रव्ये शैवाकाच्या स्वतःच्या काय उपयोगाची, हा प्रश्न तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नीटपणे हाताळला गेला.

द्रव्यांचे स्वरूप : शैवाकांतील संयुगांचे दोन गट पाडतात. पहिल्या गटात कोशिकांच्या आत असणारी व जीवनक्रियांना आवश्यक अशी प्रथिने, पॉलिसॅकॅराइडे (उदा., लायकेनिन) आणि बहुहायड्रॉक्सी अल्कोहॉले (उदा., रिबिटॉल, ॲराबिटॉल, मॅनिटॉल) येतात. दुसऱ्या गटात कोशिकांबाहेर साचणारी दुय्यम चयापचयी द्रव्ये येतात व प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्यांचाच विचार केला आहे. त्यांतील बहुतेक द्रव्ये ॲसिटिक व मॅलॉनिक अम्लांच्या एककांची साखळी जुळून तयार होतात. डेप्साइडे (उदा., ॲट्रॅनोरिन, गायरोफोरिक अम्ल), डेप्सिडोने (उदा., फ्यूमारप्रोटोसेट्रारिक अम्ल), डायबेंझोफ्युराने (उदा., अस्निक अम्ल) आणि अँथ्राक्विनोने (उदा., पॅरिएटिन) हे यांतील प्रमुख वर्ग होत. पल्व्हिनिक अम्लाचे पिवळे अनुजात (उदा., व्हल्पिनिक व राइझोकार्पिक अम्ले) शिकिमिक अम्लाच्या मार्गाने बनतात. कायकाच्या शुष्क वजनात या द्रव्यांचे प्रमाण बहुधा काही टक्के असते. क्वचित ते ३० टक्क्यांपर्यंतही जाते.

द्रव्यांचे स्थान जातीनुसार ठरलेले असते. ॲट्रॅनोरिन, अस्निक अम्ल, पॅरिएटिन यांसारखी द्रव्ये बाह्यत्वचेत, म्हणजे शैवलाच्या थराच्या वर असतात. डेप्सिडोने व बरीचशी डेप्साइडे आतील मज्जेत असतात. ध्रुवीय भूदृश्याचे रंग पुष्कळ अंशी बाह्यत्वचेतील द्रव्यांमुळे आलेले असतात. खडकांवरील झँथोरिया एलेगन्सचा नारिंगी रंग पॅरिएटिनामुळे, राइझोकार्पॉन जिओग्राफिकमचा पिवळा रंग राइझोकार्पिक अम्लामुळे, तर अस्निया प्रजातीचा पिवळसर हिरवा रंग अस्निक अम्लामुळे असतो.

लोकव्यवहारातील ज्ञान : आइसलँडमध्ये सेट्रारिया आयलँडिका हे शैवाक (‘आइसलँड मॉस’, प्रत्यक्षात ते शेवाळ नव्हे) शतकानुशतके अन्न म्हणून वापरण्यात येत आहे. तेथील भाषेत त्याला ‘डोंगरी गवत’ अशा अर्थाचे नाव आहे. परक्याच्या जमिनीवरून ते परवानगीवाचून गोळा करण्यास यॉनस्बोक या १२८१ च्या विधिसंहितेत मनाई केलेली होती. यावरून त्याचे मोल ध्यानात येते. त्यातील लायकेनिन हे पॉलिसॅकॅराइड पाण्यात उकळल्यावर खळीसारखे घट्ट होते. तथापि फ्यूमारप्रोटोसेट्रारिक व तत्सम अम्लांमुळे ते अतिशय कडू लागते आणि तसेच खाल्ल्यास पोट बिघडते. म्हणून ते लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवून व धुऊन मग त्याची लापशी करीत अथवा ते भाकरीच्या पिठात मिसळीत. राखेतील क्षाराने अम्लांची विद्राव्य लवणे बनून ती पाण्याबरोबर निघून जातात, हे स्पष्टीकरण पुढे रसायनशास्त्राने दिले; पण कृती मात्र त्याआधीच पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत चालत आलेली होती.

ही कृती माहीत असणे वा नसणे ही जीवनमरणाची गोष्ट ठरे. फिनलंडमध्ये १८६६–६८ च्या भीषण दुष्काळात धान्याला पर्याय म्हणून शैवाके वापरावीत, असा प्रचार सरकारने केला. परंतु ज्या भागांत त्यांचा वापर रूढ नव्हता, तेथील लोकांना हे कडू अन्न पचले नाही व रुचलेही नाही. ते झाडांच्या सालीच्या भाकरीकडेच वळले. याआधी कॅनडाच्या उत्तर भागातही असाच अनुभव आला होता. जॉन फ्रँक्लिन यांच्या १८१९–२२ च्या मोहिमेतील लोक १८२१ च्या शरद ऋतूत कॉपरमाइन नदीच्या परिसरातून परतताना अन्नावाचून अडकले व खडकांवरील अंबिलिकॅरिया प्रजातीची शैवाके (फ्रेंच कॅनेडियन लोकांच्या भाषेत ‘खडकाचे आतडे’) उकळून खाऊन त्यांनी दिवस काढले. या अन्नाने काहींना तीव्र पोटदुखी व अतिसार झाला. रॉबर्ट हूड यांना त्याचा त्रास विशेष झाला. या प्रवासात २० जणांपैकी ११ जण मृत्यू पावले. अंबिलिकॅरियात गायरोफोरिक अम्ल विपुल असते व असा त्रास शैवाक-अम्लांमुळे होतो, असे मानले जाते. जे अन्न जीव तगवीत होते, तेच त्यांना दुर्बलही करीत होते.

स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात लेथारिया व्हल्पिना या पिवळ्याजर्द शैवाकाचा उपयोग लांडग्यांना मारण्यासाठी करीत. त्याची पूड काचेच्या चुऱ्याबरोबर मृत जनावराच्या मांसात भरून ठेवीत. यातील विषारी द्रव्य म्हणजे व्हल्पिनिक अम्ल होय. शैवाकाच्या व द्रव्याच्या नावांतील शब्द कोल्ह्याच्या लॅटिन नावावरून आलेला आहे. रंगांच्या बाबतीत ऑक्रोलेचिया टार्टारिया या खडकावरील शैवाकापासून ‘कडबेअर’ नावाचा जांभळा रंग करीत. या रंगाचे एकस्व (पेटंट) १७५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये घेण्यात आले व त्यासाठी कच्चा माल नॉर्वे आणि स्वीडनमधूनही आणण्यात येई. मूळ शैवाकात जांभळा रंग नसतो. त्यातील गायरोफोरिक अम्लावर अमोनिया व हवा यांची क्रिया होऊन तो उत्पन्न होतो.

रसायनशास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ : स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी १७३२ मध्ये लॅपलँडचा प्रवास केला आणि फ्लोरा लॅपोनिका (१७३७) या ग्रंथात रेनडियर व शैवाक यांच्या संबंधाची नोंद केली. शैवाकांना मात्र त्यांनी वनस्पतिसृष्टीतील अगदी दरिद्री शेतकरी मानले. त्यांचे शिष्य योहान पेटर व्हेस्ट्रिंग यांनी १८०५ पासून स्वीडनमधील शैवाकांपासून मिळणाऱ्या रंगांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दरिद्री समजल्या गेलेल्या या वनस्पतींत संपत्ती आहे, हे दाखविणे हा त्यांचा हेतू होता. याच सुमारास यन्स याकॉप बर्झीलियस (१७७९–१८४८) यांनी आइसलँड मॉसचे विश्लेषण करून त्यातील स्टार्चसदृश पदार्थ व कडू द्रव्य यांचा वेगवेगळा अभ्यास केला.

अस्निक अम्ल १८४० नंतरच्या काही वर्षांत जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. तेव्हापासून शैवाके विद्रावकात भिजवून त्यांतून स्फटिकी पदार्थ मिळविण्याचे काम जर्मनीत चिकाटीने चालू राहिले. व्हिल्हेल्म त्सोफ यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा सुमारे दीडशे द्रव्यांचे वर्णन आहे. एमील फिशर यांनी दोन फिनॉलिक अम्लांच्या एस्टर-जोडणीतून बनणाऱ्या संयुगांना ‘डेप्साइड’ हे नाव दिले व १९१३ मध्ये लेकॅनोरिक अम्लाचे संश्लेषण केले. जपानमध्ये यासुहिको आसाहिना आणि त्यांचे सहकारी शोजी शिबाता यांनी डेप्साइडे व डेप्सिडोने यांच्या संरचना पद्धतशीरपणे निश्चित केल्या. त्यांचा संयुक्त ग्रंथ १९५४ मध्ये इंग्रजीत आला व दीर्घकाळ प्रमाणभूत राहिला. अस्निक अम्लाची संरचना १९३० नंतरच्या दशकात उलगडली, तर डेरेक बार्टन (१९१८–९८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दोन समान रेणूंची ऑक्सिडीभवनाने जोडणी करून त्याचे संश्लेषण केले. निसर्गातही हीच जोडणी होत असावी, हे त्यातून सूचित झाले.

द्रव्ये शैवाकातील कोणता घटक बनवितो, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. स्वित्झर्लंडमध्ये ई. ए. टोमास यांनी १९३९ मध्ये झँथोरियातील कवक स्वतंत्रपणे वाढविले व त्यात पॅरिएटिन बनल्याचे दाखविले. संश्लेषण करतो तो कवक; शैवल त्याला कार्बोहायड्रेटे पुरवितो, असे चित्र त्यानंतर स्थिरावले.

वर्गीकरणातील उपयोग व वाद : फिनलंडमध्ये जन्मलेले शैवाकविज्ञ व्हिल्हेल्म नीलांडर (१८२२–९९) यांनी पॅरिस येथे १८६६ मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. शैवाकाच्या तुकड्यावर दाहक पोटॅश अथवा विरंजक चुन्याच्या विद्रावाचा थेंब टाकावयाचा आणि रंगात होणारा बदल पाहावयाचा. नॉरस्टिक्टिक अम्ल असल्यास पोटॅशने प्रथम पिवळा व मग लाल रंग येतो. गायरोफोरिक अम्ल असल्यास विरंजक चुन्याने तांबडा रंग येतो. दिसण्यात सारख्या असलेल्या जाती यामुळे वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. आसाहिना यांनी १९३४ मध्ये यात पॅराफिनिलीन डायअमाइनाच्या कसोटीची भर घातली व सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांचा आकार पाहून द्रव्य ओळखण्याची पद्धतही रूढ केली.

रसायनांच्या आधारे जाती वेगळ्या करणाऱ्या नीलांडर यांनी, शैवाक हा दोन जीवांचा संयोग आहे, हा सिमोन श्व्हेंडनर (१८२९–१९१९) यांचा १८६७ चा सिद्धांत मात्र अखेरपर्यंत मान्य केला नाही. उलट अनेक वर्गीकरणविज्ञांना नीलांडर यांच्या कसोट्या मान्य नव्हत्या. केवळ थेंबाच्या रंगावरून नवी जाती मानावी काय, हा वाद त्यानंतर शतकभर चालला.

या वादाचे उत्तम उदाहरण म्हणजे थॅम्नोलिया हे ध्रुवीय व उच्च पर्वतीय शैवाक होय. ते पांढरे, पोकळ, कृमीसारखे असून जमिनीवर सुटे पडलेले असते आणि त्यात लैंगिक प्रजोत्पादन जवळजवळ आढळत नाही. त्याचे दोन प्रकार डोळ्यांना एकसारखे दिसतात. पण एकात थॅम्नोलिक अम्ल असते, तर दुसऱ्यात स्क्वॅमॅटिक व बिओमायसेसिक अम्ले असतात आणि तो जंबुपार दिव्याखाली चकाकतो. आसाहिना यांनी १९३७ मध्ये या दोहोंना भिन्न जाती मानले. उत्तर ध्रुवीय प्रदेशात दुसरा प्रकार अधिक, तर दक्षिण गोलार्धात पहिला प्रकार प्रबळ, असे पुढील सर्वेक्षणांत दिसले. डीएनएच्या अलीकडील अभ्यासात मात्र आनुवंशिक वंशरेषा व रासायनिक प्रकार तंतोतंत जुळत नाहीत, असे आढळले. रसायन हा जातीचा महत्त्वाचा पुरावा आहे, पण एकमेव पुरावा नव्हे, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

अभ्यासाची साधने १९६० नंतर झपाट्याने सुधारली. चिकीटा कल्बर्सन यांनी १९६९ मध्ये शैवाक-द्रव्यांची रासायनिक व वनस्पतिवैज्ञानिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि १९७० मध्ये आइसलँडचे हॉर्डुर क्रिस्टिन्सन यांच्यासह पातळ थर वर्णलेखनाची प्रमाणित पद्धत मांडली. एका काचपट्टीवर, ठरावीक विद्रावकांत, ज्ञात द्रव्यांच्या शेजारी नमुना चढवून काही तासांत त्यातील द्रव्ये ओळखता येऊ लागली आणि जगभरच्या प्रयोगशाळांतील निष्कर्षांची एकमेकांशी तुलना करणे शक्य झाले.

अंटार्क्टिकातील संशोधन : दक्षिण शेटलंड बेटांवरील एका अस्नियाचे वर्णन अमेरिकन वनस्पतिविज्ञ जॉन टॉरी यांनी १८२३ मध्येच केले होते. जेम्स रॉस यांच्या मोहिमेतील जोझेफ डाल्टन हूकर (१८१७–१९११) यांनी १८४३ मध्ये कॉकबर्न बेटावर उतरून शैवाके व इतर अपुष्प वनस्पती गोळा केल्या. त्यानंतरच्या बहुतेक मोहिमांनी नमुने आणले. पण ज्यांचे शिक्षण शैवाकांतच झाले आहे, असा अभ्यासक तेथे राहून काम करीत आहे, असे क्वचितच घडे.

ब्रिटनच्या ऑपरेशन टॅबरिन या युद्धकालीन मोहिमेत एल्के मॅकेंझी (१९११–९०, त्यांचे आधीचे लेखन आय. मॅकेंझी लॅम्ब या नावाने प्रसिद्ध आहे) या वनस्पतिविज्ञ म्हणून होत्या. पोर्ट लॉकरॉय येथे १९४४ मध्ये व होप बे येथे १९४५ मध्ये त्यांनी मोठा संग्रह केला. पुढे हार्व्हर्ड विद्यापीठाच्या फार्लो वनस्पतिसंग्रहालयात राहून त्यांनी अंटार्क्टिकातील अस्निया, ब्युएलिया व रिनोडिना या प्रजातींवर लिहिलेल्या प्रबंधांत बाह्य लक्षणांबरोबर रासायनिक लक्षणांचीही नोंद घेतली. याउलट कॅरल डॉज यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंटार्क्टिक शैवाकांच्या ग्रंथात शेकडो जाती नोंदल्या होत्या. मूळ नमुन्यांची पुन्हा तपासणी केल्यावर त्यांतील पुष्कळ जाती वारा व बर्फ यांमुळे रूप बदललेल्या ज्ञात जातीच निघाल्या. अशा प्रदेशात आकार फसवा असतो. तेव्हा द्रव्यांची परीक्षा विशेष उपयोगी पडते. डी. ओ. ओव्हस्टेडाल व आर. आय. लुइस स्मिथ यांच्या २००१ मधील ग्रंथात अंटार्क्टिका व साउथ जॉर्जिया येथील शैवाकांचे वर्णन नव्याने करण्यात आले.

मॅकमर्डोजवळील शुष्क दऱ्यांत पृष्ठभागावर जीवन जवळजवळ दिसत नाही. इमरे फ्रीडमान (१९२१–२००७) यांनी तेथील वालुकाश्म फोडून पाहिला असता पृष्ठभागाखाली काही मिमी. अंतरावर काळा, पांढरा व हिरवा असे थर आढळले. हे थर खडकाच्या छिद्रांत राहणाऱ्या शैवाकांचे होत. फ्रीडमान यांनी त्यांचे सविस्तर वर्णन १९८२ मध्ये केले. वरच्या काळ्या थरातील गडद रंजकद्रव्ये तीव्र प्रकाश अडवितात आणि त्यांखाली शैवलाला पुरेल इतकाच प्रकाश पोहोचतो. पुढे डेव्हिड विन-विल्यम्स व हॉवेल एडवर्ड्‌झ यांनी रामन वर्णपटविज्ञानाच्या साहाय्याने अंटार्क्टिक शैवाकांतील राइझोकार्पिक अम्ल, पॅरिएटिन, कॅल्शियम ऑक्झॅलेट इ. द्रव्ये नमुना न बिघडविता ओळखली. मंगळावरील खडकांत पूर्वीच्या जीवसृष्टीच्या रासायनिक खुणा शोधताना ही पद्धत उपयोगी पडेल, असा यामागील विचार होता.

थंडी, प्रकाश व द्रव्यांचे कार्य : शैवाक-अम्ले गोठणविरोधी म्हणून काम करतात, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. ती पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून कोशिकांबाहेर असतात. थंडीत व शुष्कतेत कोशिकांचे रक्षण प्रामुख्याने कोशिकांतील बहुहायड्रॉक्सी अल्कोहॉले करतात. शिवाय शैवाक कोरडे पडून सुप्तावस्थेत जाऊ शकते व तापमान अनुकूल नसतानाही थोड्याशा ओलाव्यावर पुन्हा कार्य सुरू करते. अंबिलिकॅरिया ॲप्रिना या जातीत −१७° से. तापमानासही प्रकाशसंश्लेषण चालू असल्याचे अंटार्क्टिकात प्रत्यक्ष मोजण्यात आले (१९९४).

द्रव्यांचे कार्य मुख्यतः प्रकाशाशी निगडित आहे. बर्फावरून परावर्तित झालेला प्रकाश व उन्हाळ्यातील न मावळणारा सूर्य यांमुळे ध्रुवीय शैवाकांवर मोठा भार पडतो. गोठलेल्या कोशिका प्रकाश शोषतात, पण त्याचा पुरता उपयोग करू शकत नाहीत. नॉर्वेतील के. ए. सोल्हाउग व इ. गाउस्ला यांनी १९९६ मध्ये एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. कोरडे, जिवंत झँथोरिया ॲसिटोनात धुतल्यास त्यातील पॅरिएटिन निघून जाते. शैवाक मात्र मरत नाही. असे धुतलेले कायक व न धुतलेले कायक तीव्र प्रकाशात ठेवले असता धुतलेल्या कायकातील शैवलाची अधिक हानी झाली. पॅरिएटिन हे निळा प्रकाश गाळणारे आवरण आहे, हे यातून सिद्ध झाले. जंबुपार-ब प्रारण मिळाल्यावर कवक हे द्रव्य पुन्हा बनवितो, हेही पुढे दिसून आले.

या संशोधनाला एका घटनेने तातडी आणली. जोझेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन यांनी १९८५ मध्ये हॅली येथील मोजमापांवरून अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत मोठ्या प्रमाणात घटत असल्याचे जाहीर केले. जंबुपार प्रारण वाढल्यास तेथील जीवसृष्टीचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. अस्निक अम्ल जंबुपार-ब प्रारण चांगले शोषते, म्हणून अंटार्क्टिक अस्नियांतील व आर्क्टिक फ्लाव्होसेट्रारिया निव्हॅलिसमधील त्याच्या प्रमाणाचा अभ्यास हाती घेण्यात आला. परिणाम सर्वत्र एकसारखे आले नाहीत. द्रव्याचे प्रमाण प्रारणाबरोबरच ऋतू, ओलावा व स्थान यांनुसारही बदलते. संरक्षणक्षमतेची कसोटी मात्र अन्यत्र लागली : झँथोरिया एलेगन्स व राइझोकार्पॉन जिओग्राफिकम ही शैवाके २००५ मध्ये फोटॉन-एम-२ यानातून अवकाशात पाठविण्यात आली व सुमारे दोन आठवडे उघडी राहूनही परतल्यावर ती जिवंत होती.

द्रव्यांचे दुसरे कार्य प्राण्यांपासून व सूक्ष्मजंतूंपासून संरक्षण हे होय. येथेही अपवाद आहे तो रेनडियरचा. क्लॅडोनिया स्टेलॅरिस या त्याच्या खाद्यात अस्निक अम्ल असते व ते पुष्कळ प्राण्यांस अपायकारक आहे. नॉर्वेतील संशोधनात (२०१०) असे आढळले की, रेनडियरच्या पहिल्या जठरातील सूक्ष्मजंतू या अम्लाचे विघटन करतात व खाल्लेल्या अम्लाचा पुढे मागमूस राहत नाही. आइसलँडची गृहिणी जे राखेच्या पाण्याने साधीत असे, तेच रेनडियरच्या पोटात सूक्ष्मजंतू साधतात.

औषधी उपयोग व त्याच्या मर्यादा : पेनिसिलिनाच्या यशानंतर प्रतिजैव पदार्थांचा शोध सर्वत्र सुरू झाला. अमेरिकेत पॉल बर्कहोल्डर व सहकाऱ्यांनी १९४४–४५ मध्ये अनेक शैवाकांचे अर्क ग्रॅम-रंजक्षम सूक्ष्मजंतूंविरुद्ध प्रभावी असल्याचे दाखविले. अस्निक अम्ल असलेली मलमे फिनलंड व जर्मनीत वापरात आली. सोव्हिएट संघात त्याचे सोडियम लवण ‘बिनान’ या नावाने जखमांवर वापरीत. बाह्य उपयोगापुरते हे ठीक होते. परंतु वजन घटविण्यासाठी पोटात घ्यावयाच्या पदार्थांत अस्निक अम्ल घालण्यात आल्यावर यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे पुढे आली व अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००१ मध्ये तशा उत्पादनाविरुद्ध इशारा दिला. हे अम्ल कोशिकांतील ऊर्जानिर्मितीची क्रियाच विस्कळित करते. ‘वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक’ ही समजूत येथे खोटी ठरली.

दक्षिण कोरियाच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने किंग जॉर्ज बेटावरील शैवाकांतून नवी संयुगे मिळविली. स्टीरिओकॉलॉन अल्पिनमपासून स्टीरिओकॅल्पिन-ए (२००८) व रॅमॅलिना टेरेब्राटापासून रॅमॅलिन (२०११) ही त्यांची उदाहरणे होत. रॅमॅलिन प्रभावी ऑक्सिडीभवनरोधक असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. प्रयोगशाळेतील गुण व सिद्ध झालेले औषध यांत मात्र मोठे अंतर असते.

भारतातील कार्य : टी. आर. शेषाद्री (१९००–७५) यांनी प्रथम वॉल्टेअर व नंतर दिल्ली येथे भारतीय शैवाकांच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. लखनौ येथे डी. डी. अवस्थी यांनी, तर पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवाकांच्या वर्गीकरणाचे काम केले. त्यात रासायनिक कसोट्यांचा नियमित वापर होत आला आहे. अंटार्क्टिकातील शिरमाखर मरूद्यानात भारताचे मैत्री हे केंद्र १९८९ पासून कार्य करू लागले व त्या परिसरातील शैवाकांची पाहणी भारतीय अभ्यासकांनी केली. त्यांवरील मारिया ओलेख व शिव मोहन सिंग यांचा ग्रंथ गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राने (२०१८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र) २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

संरक्षणाचा प्रश्न : ध्रुवीय शैवाकांची वाढ अत्यंत मंद असते. अंटार्क्टिकाच्या शुष्क, थंड भागांत ती वर्षाला मिमी.च्या लहानशा अंशाने मोजावी लागते. हाताच्या तळव्याएवढा कायक कित्येक शतकांचा असू शकतो. एखाद्या द्रव्याचे काही ग्रॅम मिळविण्यासाठी खडक खरवडणे म्हणजे ही शतके नष्ट करणे होय. अंटार्क्टिक करारास जोडलेल्या १९९१ च्या माद्रिद संलेखानुसार (१९९८ पासून अंमलात) तेथील देशी वनस्पतींना हानी पोहोचेल असे संकलन परवान्यावाचून करता येत नाही. परंतु तेथील जीवांपासून मिळालेल्या ज्ञानाचा व्यापारी लाभ कोणाचा, या प्रश्नावर करारातील राष्ट्रांची चर्चा दीर्घकाळ चाललेली आहे. उत्तर ध्रुवीय प्रदेशात संकट निराळ्या प्रकारचे आहे. तेथे तापमानवाढीमुळे झुडपे पसरून शैवाकांची जागा व्यापीत आहेत आणि हिवाळ्यात बर्फावर पडलेला पाऊस गोठून रेनडियरांचे शैवाक-चराऊ क्षेत्र कठीण बर्फाखाली बंद होते.

यातून सुटण्याचा एक मार्ग आनुवंशिकीने दाखविला आहे. २०२१ मध्ये कोरियन संशोधकांनी स्टीरिओकॉलॉन अल्पिनममधील ॲट्रॅनोरिन बनविणाऱ्या जनुकांचा समूह ओळखला व तो सहज वाढणाऱ्या दुसऱ्या कवकात घालून ते द्रव्य बनवून घेतले. त्याच वर्षी अन्य संशोधकांनी लेकॅनोरिक अम्लाच्या बाबतीत यीस्टमध्ये असेच यश मिळविले. फिशर यांनी प्रयोगशाळेत लेकॅनोरिक अम्ल बनविले, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी ते बनविण्याची खुद्द शैवाकाची रीत अशा प्रकारे हाती आली. ही पद्धत इतर द्रव्यांना लागू करता आल्यास ती मिळविण्यासाठी ध्रुवीय खडकांवरील शैवाके खरवडण्याचे कारण उरणार नाही. ओळख पटविण्यापुरता लहानसा तुकडा पुरेल.